उरलेलं आधी

घरतसर गेल्याची बातमी मला कंपनीच्या बसमध्ये मिळाली. बस पेणहून निघते, नागोठण्याला दोघांना घ्यायला थांबते, आणि त्या थांब्यावर मी रोज फोनवर प्लान्टचा ग्रुप उघडून रात्रपाळीचा निरोप वाचते. त्या दिवशी शिफ्ट इनचार्जने लिहिलं होतं : ‘पंप दोन बंद आहे, सील अजून आलेलं नाही. घरतसर पहाटे गेले, अंत्यविधी अकरा वाजता रोह्याला. बाकी बॅच वेळेवर.’ वाचल्यावर माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हे, की निरोप बरोबर लिहिलाय. जे उरलंय ते आधी, जे झालंय ते नंतर. सरांनी ज्या पद्धतीने आमच्याकडून वीस-पंचवीस वर्षं लिहून घेतलं, त्याच पद्धतीने त्यांची बातमी आली, आणि सील न आलेला पंप त्यांच्याही आधी आला. त्यांना ते पटलं असतं. दुसरा विचार यायला भिसे खिंड ओलांडावी लागली. नऊ दिवसांपूर्वी मी त्यांच्या घरून निघाले तेव्हा जिना उतरताना मागे वळून बघितलं नव्हतं... बसमध्ये माझ्या शेजारी कोणी नव्हतं ते बरं झालं. मी पिशवीतून डायरी काढली. त्या दिवसाच्या यादीत सात कामं होती. आठवं लिहिलं : अंत्यविधी, ११.

तिसऱ्या क्रमांकावर लिहिलं होतं ‘फॉर्म’. गेले तीन आठवडे तो शब्द रोज पुढच्या दिवसाच्या यादीत जात होता, आणि माझ्या यादीत एखादं काम तीन आठवडे राहणं हे मला ओळखणाऱ्यांना सांगून पटणार नाही. रोह्याजवळच्या औद्योगिक वसाहतीत आमची रसायनं बनवणारी कंपनी आहे. तिथे मी उत्पादन व्यवस्थापक आहे आणि आता प्लान्ट हेडची जागा रिकामी झाली आहे. त्या जागेसाठी ज्यांचा विचार होतो त्यांना स्वतःबद्दलचा एक फॉर्म भरावा लागतो : आपलं बलस्थान काय, उणीव कुठे, मोठी जबाबदारी पेलण्यासाठी स्वतःत काय बदलायला हवं. हा फॉर्म मी दुसऱ्यांदा भरणार होते. पहिल्या वेळी जागा मला मिळाली नाही, आणि ती घरतसरांमुळे मिळाली नाही. गेलेल्या माणसाबद्दल असं छापून आणू नये, असं माझ्या नवऱ्याचं मत आहे. ते योग्यही असेल. पण उरलेलं आधी सांगायचं हे मला सरांनीच शिकवलं, तेव्हा त्यांच्याबद्दल लिहिताना तरी मी दुसरा क्रम लावणार नाही.

मी कंपनीत लागले तेव्हा पंचविशीही ओलांडली नव्हती. पेणजवळ जोह्याला आमचा गणपतीच्या मूर्तींचा कारखाना, तो आता दादा बघतो. घरात सगळ्यांचे हात शाडूत, मी एकटी रसायनशास्त्र घेऊन पुढे शिकलेली. प्लान्टमध्ये केमिस्ट म्हणून आलेली मी पहिली बाई. लॅबजवळ बायकांसाठी स्वच्छतागृह नव्हतं. अर्धा कारखाना चालत ऑफिसच्या इमारतीत जावं लागे आणि वाटेत सगळी शिफ्ट कुठे निघाली म्हणून बघे. मी कुणाकडे तक्रार केली नव्हती. घरतसर तेव्हा शिफ्ट इनचार्ज होते, मूळचे पेणजवळच्या जिते गावचे, उंच, काळेसावळे, बोलण्यात गावाकडचं ‘नाय’ आणि ‘व्हय’ तसंच ठेवलेले. कामावर ते मला ‘मॅडम’ म्हणायचे आणि कामाबाहेर ‘बाय’, जसं त्यांच्या गावात बहिणीला किंवा लेकीला म्हणतात. महिनाभरात लॅबच्या मागे एक छोटी पक्की खोली उभी राहिली. त्या दिवशी शिफ्ट देताना त्यांनी लॉगबुकात लिहिलं : ‘उरलेलं : बायकांच्या स्वच्छतागृहाला आतून कडी. झालेलं : स्वच्छतागृह.’ वाचून पुढच्या शिफ्टचे लोक हसले. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कडी बसली होती.

या क्रमाची गोष्ट मला त्यांनी स्वतः सांगितली. मी लागायच्या आधी कधीतरी सरांनी एकदा शिफ्ट देताना दिवसभरात काय काय केलं ते रंगवून सांगितलं. बॅच वेळेआधी निघाली होती, ते खुशीत होते. एक व्हॉल्व्ह अर्धाच बंद होतोय हे सांगायचं होतं, ते चहा झाल्यावर सांगू म्हणून शेवटी ठेवलं. चहा होण्याआधीच नव्या शिफ्टमधल्या एका कामगाराने ती लाइन उघडली आणि त्याचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. चौकशीत सरांनी सबब सांगितली नाही, चूक माझी म्हणून लिहून दिलं. त्यानंतर त्यांनी स्वतःपुरता नियम केला आणि जिथे जिथे बढती मिळत गेली तिथे तो लावत गेले. आमच्याकडे शिफ्ट घ्यायला येणारा ‘काय झालं’ असं विचारत नाही. ‘काय उरलं’ असं विचारतो. देणाऱ्यानेही आधी तेवढंच सांगायचं, आपल्या पानावर लिहायचं, खाली आपली सही करायची. दुसऱ्याचं उरलेलं आपल्या पानावर लिहायचं नाही आणि आपलं दुसऱ्याच्या पानावर ढकलायचं नाही, हा त्याचाच दुसरा भाग. नवीन आलेल्यांना वाटतं इथे सगळे रडतराऊत आहेत. सहा महिन्यांत तेही घरी बायकोला तसंच सांगायला लागतात.

अशा माणसाच्या हाताखाली वाढणं ही भाग्याची गोष्ट, असं मी पुष्कळदा म्हटलंय आणि आजही खोडत नाही. मी यादी करणारी, ते यादीतलं काय गाळलंय हे सांगणारे. ते प्लान्ट हेड झाले, मी एकेक पायरी चढत उत्पादन व्यवस्थापक झाले. मीटिंगमध्ये ते टेबलाच्या टोकाला बसत आणि मी त्यांच्या डाव्या हाताला. एखादा प्रश्न अडला की मी उजवीकडे बघायची. ते काही बोलायचे नाहीत. भुवई जरा वर गेली की ‘नको’, डोळे मिटून उघडले की ‘चालू दे’. एवढ्यावर आमचा प्लान्ट चालायचा. लोक म्हणायचे, या दोघांना बोलायची गरजच पडत नाही. मला त्याचा अभिमान वाटायचा.

त्यांच्या निवृत्तीला चार महिने राहिले तेव्हा फॉर्म आला. निवड करणार होते तिघं : मुंबईच्या मुख्य कार्यालयातले संचालक, मनुष्यबळ विभागाच्या प्रमुख बाई आणि मावळते प्लान्ट हेड म्हणून घरतसर. मी फॉर्म लगेच, त्याच संध्याकाळी भरायला घेतला. सरांनी थांबवलं. म्हणाले, एवढ्या मोठ्या खुर्चीचा फॉर्म एका बैठकीत नाय भरायचा. आधी महिनाभर स्वतःची शिफ्ट घे. रोज कामावरून सुटताना एकच प्रश्न विचार, आज माझ्यामुळे काय उरलं. एक ओळ लिही, जास्त नको. मला कल्पना आवडली. पेणच्या बाजारातून गणिताची चौकटींची वही आणली, कारण चौकटीत माझं अक्षर आटोपशीर राहतं, आणि एकतीस दिवस एकतीस ओळी लिहिल्या.

हे काम मला वाटलं होतं त्याहून कठीण निघालं. दुसऱ्याच्या चुका मला दारातून आत येताना दिसतात, स्वतःची शोधायला बसमध्ये पेण येईपर्यंत वेळ लागायचा. पहिल्या आठवड्यात मी कामांबद्दल लिहीत राहिले, अमुक अहवाल राहिला, तमुक फोन राहिला. मग हळूहळू ओळी बदलल्या. एका दिवशी लिहिलं, धनश्रीला उत्तर माहीत होतं, मी आधी बोलले. धनश्री माझ्या हाताखालची इंजिनिअर, हुशार आणि सावकाश बोलणारी. एका दिवशी लिहिलं, आज दोनदा ‘बघू’ म्हटलं. माझं ‘बघू’ म्हणजे ‘नाही’, हे समोरच्याला तिथल्या तिथे कळतं, मलाच कळायला संध्याकाळ झाली. आणि एकोणिसाव्या दिवशी... त्या दिवशी एका रिॲक्टरचं तापमान चढत होतं. बॅच थांबवायला हवी हे मला आकडा बघताक्षणी कळलं होतं, अधिकारही माझा होता. सर वाटेत होते. मी ते कंट्रोल रूमच्या दारात दिसेपर्यंत थांबले, त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी डोळे मिटून उघडले, मग मी बॅच थांबवली. काही बिघडलं नाही. कुणाच्या लक्षातही आलं नाही. मी लिहिलं : ‘आजही सरांच्या चेहऱ्याकडे बघितल्याशिवाय निर्णय घेतला नाही. चार मिनिटं गेली.’ ती ओळ लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला आणि लिहिल्यावर सगळ्यात हलकं वाटलं. ज्या माणसाने हे लिहायला सांगितलं तोच ते वाचणार होता, दुसरं कोणी नाही, म्हणूनच लिहू शकले.

वही त्यांच्याकडे तीन दिवस होती. परत देताना म्हणाले, चांगलं काम केलंस, असंच लिहीत जा. मग आम्ही दोघांनी मिळून फॉर्म भरला. धनश्रीची ओळ ठेवली, ‘बघू’ची ठेवली. एकोणिसावी मी तशीच उतरवायला घेतली तर ते म्हणाले, एवढं उघडं लिहायचं नसतं, बाय, मुंबईच्या लोकांना ते समजणार नाय. त्यांनीच वाक्य करून दिलं : ‘महत्त्वाच्या निर्णयांत वरिष्ठांचा सल्ला घेण्याकडे कल.’ किती सांभाळून घेतात, असं तेव्हा वाटलं.

मुलाखतीला आम्ही एकाच गाडीने गेलो. मुख्य कार्यालयातली खोली थंडगार, टेबलाच्या पलीकडे ते तिघं, अलीकडे मी. पहिली पंधरा-वीस मिनिटं चांगली गेली. मग संचालकांनी समोरच्या गठ्ठ्यातून एक कागद वर काढला आणि चष्मा सारखा करून मराठीत वाचलं, “आजही सरांच्या चेहऱ्याकडे बघितल्याशिवाय निर्णय घेतला नाही. चार मिनिटं गेली.”

हे वाक्य फॉर्ममध्ये नव्हतं. कागद माझ्याकडे पाठ करून धरलेला होता, पण खिडकीच्या उजेडात झेरॉक्सवरच्या चौकटी दिसत होत्या. मला एवढंच कळलं की माझी वही त्या खोलीत आहे. त्या क्षणी मी काय करावं? मी सरांकडे बघितलं. विचार करून नाही, सवयीने, जसं वीस वर्षं बघत आले तसं. ते पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवत होते, उघडत होते, लावत होते, आणि मान वर करत नव्हते. संचालकांनी माझ्याकडे बघितलं, त्यांच्याकडे बघितलं आणि कागद खाली ठेवला. पुढचा प्रश्न विचारायची त्यांना गरज राहिली नाही.

परतीलाही एकच गाडी. ड्रायव्हर ओळखीचा, त्याने दोनदा आरशात बघितलं. मी वाट बघत होते की ते काहीतरी सांगतील. खुलासा, सबब, शिवी, काहीही. ते बोलले ते एकदाच, “खारपाड्याला चहा घ्यायचा?” मी नको म्हटलं. पेणला घरासमोर उतरले. आठवड्याने पत्र आलं की बाहेरच्या एका अनुभवी माणसाची निवड झाली आहे. त्या रविवारी जोह्याला गेले तेव्हा दादा एका मोठ्या मूर्तीच्या पाठीची भेग शाडूने बुजवत बसला होता. सगळं ऐकून घेतलं, हात थांबवला नाही. म्हणाला, “गिऱ्हाईकाला आधी मागची भेग दाखवतंस काय गो तू?” मी म्हटलं, मी दाखवली नाही, ज्याच्याकडे बुजवायला दिली त्याने नेऊन दाखवली. त्यावर मात्र त्याचा हात थांबला.

सरांच्या निवृत्तीचा समारंभ मीच केला. कंपनीतला प्रत्येक समारंभ मी करते, हा मी केला नसता तर सगळ्यांनी विचारलं असतं. बावीस कामांची यादी होती, बावीसही वेळेत झाली. शाल, नारळ, त्यांच्या आवडीचं वालाचं बिरडं आणि तांदळाची भाकरी. भाषणही मी केलं. काय उरलं या प्रश्नाने किती हात वाचले ते सांगितलं, आणि त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ते उत्तराला उभे राहिले, सगळ्यांचे आभार मानले, माझं नाव घेताना जरा अडखळले. मला वाटलं आता सांगतील... पण त्यांनी कँटीनवाल्यांचे आभार मानले आणि खाली बसले. उरलेलं आधी सांगणारा माणूस त्या दिवशी काहीच न सांगता खाली बसला. वही झेरॉक्स झाली ते एक, आणि हे दुसरं. मला विचाराल तर दुसरं जास्त लागलं.

त्यानंतरची दोन वर्षं मी नव्या साहेबांबरोबर काम केलं. ते भले गृहस्थ, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. दिवाळीला सरांना फोन करायची, तब्येत विचारायची, ठेवून द्यायची. स्वतःबद्दल कागदावर एक ओळ लिहिणं मी बंद केलं होतं. किराणा, दुरुस्त्या, ऑडिट, मुलाच्या परीक्षा, सगळ्यांच्या याद्या चालू होत्या. चौकटींची वही कपाटात गॅसच्या पुस्तकाखाली पडून होती. गेल्या महिन्यात नवे साहेब घरच्या कारणाने त्यांच्या गावी परत गेले आणि फॉर्म पुन्हा आला. मी तो उघडला. ‘आपली उणीव’ या रकान्यात बोट ठेवलं आणि काहीही सुचेना. सुचेना असं नाही, सुचत होतं, पण हात लिहायला तयार नव्हता. कुठल्या टेबलावर कोण वाचेल, हाच विचार आधी येई. असे दहा-बारा दिवस गेले तेव्हा मला कळलं की सरांना विचारल्याशिवाय हा फॉर्म भरला जाणार नाही. यादीत लिहिलं, ‘घरतसर – विचारणे’, आणि कामावरून सुटल्यावर बस न पकडता त्यांच्या घरी गेले.

रोह्याला कुंडलिकेच्या बाजूला त्यांचं पहिल्या मजल्यावरचं घर. वहिनी, म्हणजे सरांच्या पत्नी, दारातच मोड आलेले वाल सोलत बसल्या होत्या. “ये गो बाय, किती दिवसांनी,” म्हणून त्यांनी परात सरकवली आणि मीही चार वाल सोलले, कारण आत जायला जरा वेळ हवा होता. सर पलंगावर उशीला टेकून होते. हृदय थकलंय असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, पाय सुजलेले. मी बसले, तब्येत विचारली नाही. विचारलं, “वही तुम्ही दिलीत?”

“व्हय, मीच दिली.” एवढ्या सरळ उत्तराची मी तयारी केली नव्हती.

मी म्हटलं, मला विचारून द्यायची होती. ते म्हणाले, तू नाय दिली असतीस. नसतीच दिली, मी म्हटलं. मग त्यांनी नजर छताकडे वळवली. श्वास पुरत नव्हता, थांबत थांबत बोलले. सांगितलं ते असं, की ते शिफ्ट देत होते. छत्तीस वर्षांची शिफ्ट. देताना काय उरलं ते सांगायला हवं होतं. “माझं उरलेलं तू होतीस, बाय. वीस वर्षं तुला माझ्याकडे बघू दिलं. थांबवायला पायजे होतं, नाय थांबवलं. मला बरं वाटायचं ते.” तशीच खुर्चीत बसली असतीस, तर सुटल्यावर मला रोज फोन केला असतास, आणि मी घेतला असता, हेही म्हणाले. त्यांना ते खरंच वाटत होतं, हे मला त्यांच्या आवाजावरून कळलं. कळलं, म्हणून राग कमी झाला असं नाही. मी म्हटलं, “तुमचं उरलेलं तुमच्या पानावर लिहायचं होतं, सर. माझं पान कशाला नेलंत?”

त्यांनी वहिनींना हाक मारून उशी वर करायला सांगितली. नियम त्यांचाच होता, त्यांना तो मोडल्याचं त्या क्षणी कळलं की आधीपासून माहीत होतं, हे आता मला कोणी सांगू शकणार नाही. माफी त्यांनी मागितली नाही, मीही थांबून राहिले नाही. मी उठले तेव्हा म्हणाले, “फॉर्म आलाय ना परत? लिहून झाला की दाखव.”

मी म्हटलं, “बघू.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. एकतीसच्या एकतीस ओळी त्यांना पाठ असणार. डोळे मिटले, उघडले... चालू दे, असं असेल किंवा नुसता थकवा असेल. मी जिना उतरले.

अंत्यविधीला सगळा प्लान्ट आला होता, दोन शिफ्ट आळीपाळीने. भाजलेल्या हाताचा तो कामगारही आला होता, आता म्हातारा झालाय, बाही मनगटापर्यंत खाली ओढून उभा होता. तेराव्याला मी वाढपाची यादी करून दिली. पंगती उठल्यावर वहिनी माझ्याजवळ येऊन बसल्या. कंपनीतले लोक येऊन सरांच्या त्या नियमाचं कौतुक करून गेले होते, ते त्यांनी दिवसभर ऐकलं होतं. म्हणाल्या, “तुम्ही त्यांना देव करून ठेवलाव. माझ्या संसारात पण तोच नियम होता गो. आमटीत मीठ कमी, हे पहिलं. आमटी चांगली झाली, हे कधी आलंच नाय. विसरायचा तो माणूस पुढचं.” आणि हसल्या, आणि मग पदर तोंडाला लावला. मला पहिल्यांदा त्या दिवशी तिथे रडू आलं. इतकी वर्षं मी आमटी चांगली झाली हे ऐकायलाच उजवीकडे बघत होते की काय, असं वाटून गेलं. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला असता तर वही मागितली असती. माझं त्यांच्याशी भांडण एवढंच आहे, आणि ते आता एकतर्फी चालू राहणार.

दोन दिवसांनी मीटिंग होती. टेबलाच्या टोकाची खुर्ची रिकामी, नवा प्लान्ट हेड ठरेपर्यंत तिथे कोणी बसत नाही. पंप दोनचं सील येईपर्यंत बॅच दुसऱ्या लाइनवर घ्यायची का, असा प्रश्न होता. निर्णय माझा. धनश्री माझ्या तोंडाकडे बघत होती. आणि मी उजवीकडे बघितलं. तिथे खुर्चीची पाठ होती आणि तिच्यामागे भिंतीवर सुट्ट्यांचं कॅलेंडर. किती वेळ बघत होते माहीत नाही, घड्याळ लावलं नव्हतं. मग मी धनश्रीला विचारलं, तुला काय वाटतं. तिने सावकाश सांगितलं, मी मध्ये बोलले नाही. तिचं म्हणणं बरोबर होतं. बॅच दुसऱ्या लाइनवर घेतली.

त्या रविवारी दुपारी जेवणाचं टेबल पुसून मी फॉर्म घेऊन बसले. नवरा म्हणाला, एकदा मला वाचून दाखव, इंग्रजी मी बघतो. मी मराठीतच लिहिलं. ‘आपली उणीव’ या रकान्यात पहिली ओळ अशी : ‘निर्णय घेण्याआधी मी अजूनही उजवीकडे बघते. तिथे आता कोणी नाही. या आठवड्यात एकदा बघितलं.’ पुढचं सगळं त्याच क्रमाने लिहिलं, आधी उरलेलं, मग झालेलं. दुसरा क्रम मला येत नाही. ज्याने तो शिकवला त्याने मला दगा दिला, आणि तरी तो क्रम बरोबर आहे. खाली सही केली. सोमवारी सकाळी ऑफिसला पोचल्यावर पहिलं काम म्हणून तो पाठवला आणि यादीतला ‘फॉर्म’ हा शब्द खोडला. पाठवण्याआधी तो कुणाला वाचायला दिला नाही.